मोक्षपटापासून पडद्यापर्यंत : खेळाचा नियम आणि कलेचा अर्थ

१

व्हिडिओ गेमला कला म्हणावे काय, हा प्रश्न पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रात आता पुरेसा रुळला आहे. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० मध्ये व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत असे निःसंदिग्धपणे लिहिले. पुढे काही आठवड्यांतच, आपण ते खेळलेलेच नसताना असे विधान करायला नको होते, अशी कबुलीही दिली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या खेळांना पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांच्याप्रमाणेच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निर्णय दिला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस' यांच्यासह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. मात्र ते चित्र-शिल्पांच्या दालनात न घेता वास्तुकला व आरेखन विभागात घेतले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या दारांनी आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा आणि ई-क्रीडेला मान्यता देणारा कायदा केला; त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग या क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. म्हणजे शासनाच्या लेखी खेळ हा एकतर जुगार आहे किंवा उद्योग. पालकांच्या लेखी ते व्यसन आहे. विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या पिढीच्या लेखी मात्र तो कथनाचा पहिला अनुभव असू शकतो. तिच्यातील काहींनी कादंबरीच्या आधी मोबाइलवरील खेळात पात्र होऊन पाहिलेले असते. या अनुभवाला अर्थ आहे की नाही, आणि असल्यास तो कोणत्या परिभाषेत वाचायचा, हे सांगण्याची जबाबदारी कायद्याची वा उद्योगनीतीची नसून समीक्षेची आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे आपल्या भाषेतील आणि प्रदेशातील खेळांच्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रारंभी 'खेळ' या शब्दाकडे पाहावे. मराठीत तो एकाच वेळी तुच्छतादर्शकही आहे आणि प्रयोगवाचकही. 'पोरखेळ', 'खेळखंडोबा' यांत गांभीर्याचा अभाव सुचवला जातो. पण त्याच भाषेत नाटकाचा खेळ लागतो, तळकोकणात दशावताराचा खेळ उभा राहतो, सिनेमाचा पहिला खेळ दुपारी असतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासूनच्या मराठी रंगभूमीच्या व्यवहारात 'खेळ' हा प्रयोगाचा रूढ शब्द राहिला. त्याही मागे गेले तर मराठीतील आद्य गद्यग्रंथाचे नावच 'लीळाचरित्र' आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे ज्या महानुभाव परंपरेचे एक पूज्य स्थान, तिने आपल्या परमेश्वरावताराच्या आयुष्यातील प्रसंगांना 'लीळा' म्हटले. म्हैंभटाने त्या लीळा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अत्यंत काटेकोरपणे संकलित केल्या. गांभीर्य आणि क्रीडा यांत विरोध आहे, ही समजूत निदान या ग्रंथाच्या कर्त्याला मान्य नसावी.

संस्कृत परंपरेतही हाच धागा आहे. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात ते 'क्रीडनीयक' होय : पाहता येईल आणि ऐकताही येईल असे खेळण्याचे साधन. नाट्याची उत्पत्तिकथा खेळाच्या मागणीपासून सुरू होते. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीतही द्यूतविशेष आणि आकर्षक्रीडा यांचा समावेश आहे.

या पुराव्यांवर अधिक भार टाकणे मात्र धोक्याचे आहे. कामसूत्रातील 'कला' म्हणजे कौशल्य. त्या यादीत स्वयंपाक आणि शिवणकामही आहे. 'क्रीडनीयक' हा शब्दही नाट्याचे प्रयोजन सांगतो, स्वरूप नव्हे. शब्दांची सोयरीक म्हणजे संकल्पनांची एकता नव्हे. खेळ कला आहे की नाही हे शब्दाच्या इतिहासावरून ठरणार नाही. ते प्रत्यक्ष खेळांच्या रचनेवरून ठरवावे लागेल.

३

तशी रचना आपल्याला मोक्षपटात पाहायला मिळते. सापशिडीचे हे मूळ रूप. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना देते. परंतु आज उपलब्ध असलेले पट अठराव्या शतकापूर्वीचे नाहीत, आणि तेराव्या शतकापर्यंत नेणारा ठोस दुवा सापडलेला नाही. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांच्या १९८५ च्या निबंधापासून याकोब श्मिट-मॅडसन यांच्या २०१९ मधील कोपनहेगन विद्यापीठाच्या प्रबंधापर्यंत या पटांचा जो अभ्यास झाला, त्यातून एवढे निश्चित झाले की पश्चिम भारतात वैष्णव, जैन आणि सूफी अशा भिन्न परंपरांनी हा पट आपापल्या तत्त्वज्ञानानुसार रचला होता. जैन पटांत सामान्यतः ८४ घरे असतात, वैष्णव पटांत ७२. घरांना पाप-पुण्यांची, लोकांची, अवस्थांची नावे असतात. कवड्यांचे दान पडेल तसे पुढे जायचे. शिडी लागली तर वर, साप लागला तर खाली.

७२ घरांच्या ज्या वैष्णव पटाची आवृत्ती विसाव्या शतकात हरीश जोहरी यांनी छापून प्रसिद्ध केली, त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात ५४ वे घर भक्तीचे असून तेथून शिडी थेट ६८ व्या घरात, वैकुंठात जाते. ज्ञानाच्या घरातूनही शिडी निघते, पण ती वैकुंठाच्या अलीकडेच थांबते. भक्तीला लागून असलेले ५५ वे घर अहंकाराचे. तेथील साप पहिल्या ओळीतल्या क्रोधापर्यंत खाली आणतो. भक्ती आणि भक्तीचा अहंकार यांत एका दानाचे अंतर आहे. शिवाय वैकुंठ हे पटाचे शेवटचे घर नाही. ते वरच्या ओळीच्या मध्यावर आहे. नेमके दान न पडल्यास खेळाडू मोक्ष ओलांडून पुढे जातो, आणि ७२ व्या घरातील तमोगुणाच्या सापाने पुन्हा पृथ्वीवर येतो. सर्वांत मोठा आकडा गाठणे म्हणजे मुक्ती नव्हे, हे कोणी प्रवचनात सांगत नाही. ते खेळाडूच्या सोंगटीला अनुभवावे लागते.

येथे आशय कोठे आहे? घरांच्या नावांत तो अंशतः आहे. परंतु 'अहंकार' हा शब्द एखाद्या चौकोनात लिहिल्याने तत्त्वचिंतन होत नाही. तो शब्द भक्तीच्या शेजारी असणे, तेथून साप निघणे आणि त्या सापाचे शेपूट क्रोधात असणे, या रचनेतून विधान सिद्ध होते. खेळाडूला निवड नाही, सारे कवडीच्या हाती आहे, हा आक्षेप येथे घेता येईल. पण प्रारब्धाचे तत्त्वज्ञान मांडणाऱ्या पटात निवडीचा अभाव हाच आशयाचा भाग आहे. हरलेला गडी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करतो, तेव्हा पुनर्जन्माची कल्पना त्याला खेळण्याच्या क्रियेतून भेटलेली असते.

याच पटाचा पुढील इतिहास या विवेचनाची उलट बाजू दाखवतो. १८९० च्या दशकात हा खेळ इंग्लंडमध्ये विक्रीस आला. आरंभी तेथील पटांवरही सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. क्रमाने ती गळून पडली आणि घरांत फक्त आकडे उरले. वैकुंठाच्या जागी शंभर हा आकडा आला आणि तो शेवटच्या घरात गेला. आपल्या घरोघरी आज जी सापशिडी खेळली जाते ती या परतून आलेल्या पटाची. दान, शिडी, साप हे नियम जवळपास तेच राहिले. अर्थ नाहीसा झाला. यावरून दोन निष्कर्ष निघतात. नुसत्या नामांनी खेळाला आशय येत नाही, आणि नुसत्या नियमांनीही येत नाही. नाम आणि नियम परस्परांना बांधून घेतात तेथे खेळ अर्थवाही होतो.

४

हा निष्कर्ष एका पटापुरता मर्यादित नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पाने आणि दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात या पानांच्या चित्रकलेला पुन्हा आश्रय दिला, आणि आज आपण गंजिफाला कला म्हणतो ते त्या चित्रांमुळे. लाखकामाचे ते गोल पान संग्रहालयात काचेआड ठेवता येते. पण दिवसा खेळताना रामाच्या राजाने उतारी सुरू करायची आणि रात्री कृष्णाच्या, हा नियम काचेआड ठेवता येत नाही. सूर्यवंशी राम आणि मध्यरात्री जन्मलेला चंद्रवंशी कृष्ण यांचा काळाशी असलेला संबंध त्या नियमात आहे. पाने जपली आणि खेळणे थांबले, तर चित्रकला उरते आणि खेळाची कला लोपते.

मराठी संतांना खेळाची ही अर्थक्षमता चांगली ठाऊक होती. एकनाथांच्या भारुडांत आणि तुकारामांच्या गाथेत हुतुतू, विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी, टिपरी या खेळांवर स्वतंत्र रचना आहेत. त्यांत खेळाचे नाव केवळ उपमान म्हणून येत नाही. डाव कोणावर येतो, गडी कसा बाद होतो, यावर रूपक उभे राहते. ही रूपके समजण्यासाठी वाचकाला खेळ येणे आवश्यक असते. आपल्या अध्यापनात आपण या रचनांचा आध्यात्मिक अर्थ सांगतो आणि खेळाचा नियम तळटीपेत ढकलतो. वास्तविक अर्थाची वाट नियमातून जाते.

मराठवाड्याचा या इतिहासातील वाटाही नोंदवला पाहिजे. औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये 'क्रीडाकौशल्य' हे प्रकरण संस्कृतात रचले. 'बृहज्ज्योतिषार्णव' या त्यांच्या विस्तृत ग्रंथाचा तो भाग असून बुद्धिबळासह अनेक बैठ्या खेळांचे नियम त्यात नोंदलेले आहेत. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांना स्थान मिळावे, ही गोष्ट आजच्या ज्ञानविभागणीला चमत्कारिक वाटेल. हरिकृष्णांना ती तशी वाटली नाही.

५

आता पडद्यावरील खेळांकडे वळताना मराठी सौंदर्यविचारातील काही भूमिका उपयोगी पडतात. मर्ढेकरांनी प्रत्येक कलेचा विचार तिच्या माध्यमापासून केला आणि माध्यमघटकांच्या रचनेत संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे पाहिली. मग व्हिडिओ गेमचे माध्यम कोणते? पडद्यावरील रंगरेषा चित्रकलेच्या आहेत, संगीत संगीतकलेचे आहे, कथानक वाङ्मयाचे आहे. या उसन्या घटकांच्या बळावर खेळाला कला ठरवणे म्हणजे चित्रपटाला त्यातील गाण्यांसाठी कला म्हणण्यासारखे आहे. खेळाचे स्वतःचे माध्यम म्हणजे नियमबद्ध कृती : खेळाडूने काय करावे, काय करता येऊ नये आणि केल्याची किंमत काय, याची रचना. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचलेल्या 'टेट्रिस'मध्ये कथा नाही, पात्र नाही. वरून आकार पडत राहतात, नीट बसलेली ओळ नाहीशी होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. त्या खेळात अंतिम विजय नसतो. पराभव लांबवता येतो एवढेच. नव्वदीच्या दशकात 'ब्रिक गेम' या हातातल्या स्वस्त यंत्रातून तो आपल्या गावोगावच्या मुलांपर्यंत पोचला. संवाद, विरोध आणि समतोल यांची इतकी शुद्ध कृतिरूप रचना क्वचितच आढळेल.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप ईबर्ट यांच्याकडून येत नाही. तो अभिनवगुप्तांकडून येतो. रसप्रतीतीच्या सात विघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाच्या अधीन होणे हे एक विघ्न त्यांनी सांगितले आहे. खेळाडू तर स्वतःच्या जय-पराजयात गुंतलेला असतो. जिंकण्याची इच्छा असणाऱ्याला साधारणीकरण कसे साधणार? या आक्षेपाचे उत्तर देताना सी. थी न्गुयेन यांनी २०२० च्या ग्रंथात मांडलेला भेद उपयुक्त ठरतो. काही जण जिंकण्यासाठी खेळतात. काही जण खेळता यावे म्हणून तेवढ्या वेळेपुरती जिंकण्याची इच्छा धारण करतात. ही दुसरी इच्छा धारण केलेली असते, म्हणून ती खाली ठेवताही येते. नटाने भूमिका धारण करावी तशी ती असते. पैसा पणाला लागला की मात्र ती खाली ठेवता येत नाही. कौरवसभेतील द्यूत आणि मोक्षपट यांत हाच भेद आहे. जुगार आणि खेळ यांतील फरक कायद्याने पैशाच्या आधारे केला. सौंदर्यशास्त्रालाही तो इच्छेच्या स्वरूपावरून करता येतो. तरीही आक्षेप पूर्णतः निरस्त होतो असे म्हणवत नाही. खेळाडू एकाच वेळी नटही असतो आणि सहृदयही. बहुसंख्य खेळ त्याला नट होण्यातच दमवतात आणि सहृदय होण्यास उसंत देत नाहीत. र. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाविचाराचे लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव मानले. खेळ या दोहोंच्या मध्ये सतत हेलकावत असतो, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

६

या निकषाने महाराष्ट्रात घडलेला एक खेळ तपासून पाहू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध केला. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. पहाडी चित्रशैलीची आठवण देणारे रंग, राजस्थानी वास्तूंचे महाल आणि छायाबाहुल्यांच्या रूपातील कथनखंड यांमुळे तो जगभर वाखाणला गेला; त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांत त्याला नामांकन मिळाले. भारतीय पुराकथेला या माध्यमात इतक्या आदराने वागवणारी ही कृती महत्त्वाची आहेच. परंतु तिचे सौंदर्य प्रामुख्याने चित्रात आणि कथनात आहे. उडी मारणे, भिंतीवरून धावणे, शत्रूला नमवणे हे तिचे नियम जगातील इतर साहसखेळांतूनच आलेले आहेत. दुर्गेच्या जागी ग्रीक देवता आणली तरी ते फारसे बदलणार नाहीत. मोक्षपटातील भक्तीचे घर असे बदलता येत नाही. 'राजी'त नाम आपले आहे, नियम उसना आहे. ती सुंदर आहे. पण खेळ म्हणून ती ज्या उंचीला जाऊ शकली असती तेथवर पोचत नाही.

उलट लुकास पोप यांच्या २०१३ मधील 'पेपर्स, प्लीज' या खेळाची चित्रे ओबडधोबड आहेत. खेळाडू एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रे तपासणारा कारकून असतो. जितकी माणसे तपासावीत तितका पगार. पगार कमी पडला तर घरची माणसे उपाशी किंवा आजारी. दयेपोटी एखाद्याला सोडले तर दंड. एरवी सहृदय असलेला माणूस निर्दय कसा होतो हे कादंबरी सांगू शकते. हा खेळ ते खेळाडूच्या हातून करवून घेतो आणि मग त्याला स्वतःकडे पाहायला लावतो. अभिनवगुप्तांनी ज्याला विघ्न मानले ते स्वतःचे सुखदुःख येथे आस्वादाचे द्रव्य झाले आहे.

७

व्हिडिओ गेम ही कला आहे काय, याचे सरसकट उत्तर म्हणूनच देता येणार नाही. सर्व पद्य कविता नसते तसे सर्व खेळ कला नसतात. ज्या खेळात नियम स्वतः बोलतो तो कलेच्या विचारास पात्र ठरतो. हा निकष परका नाही. तो आपल्या पटांनी आणि अभंगांनी पूर्वीच सिद्ध केला आहे.

या निकषाचे सामाजिक अंगही आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ मध्ये जमीनदारीच्या अन्यायाचे दर्शन घडवण्यासाठी 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे 'मोनोपॉली' झाला. १९३५ पासून तो प्रतिस्पर्ध्याला कंगाल करण्याचा आनंद देत आला, आणि आपल्याकडे 'व्यापार' या नावाने मध्यमवर्गीय घरांत रुजला. मोक्षपटाचे जे इंग्लंडात झाले तेच येथे झाले : नियम राहिला, अर्थ उलटला. हे घडत असताना त्याची नोंद घेणारी समीक्षा नव्हती.

शोषणही अखेर नियमांची एक व्यवस्था असते. बीड जिल्ह्यातून, तसेच नांदेड-लातूरच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला व्यवहारात 'एक कोयता' म्हणतात : दोन माणसे, एक अवजार, एक हिशेब. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, तोडीतून ती फेडायची, आजारपणात खाडा पडला की कपात, आणि हंगामाच्या शेवटी उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षाची उचल तिच्यावर चढवायची. हे जगणे ग्रामीण आणि दलित साहित्याने करुणेने आणि संतापाने लिहिले आहे. त्यातील गणित मात्र वाचकाला बाहेरून दिसते. ते आतून, प्रत्येक दानाला आपलाच निर्णय चुकला असे वाटायला लावत, आणि शेवटी कोणताही निर्णय बरोबर नव्हताच हे उमगवत दाखवण्याची शक्ती खेळात आहे. साप असलेला, पण शिडी नसलेला असा तो पट होईल.

तो कोणी रचील तेव्हा त्याची भाषा मराठी असेल काय, हे सांगता येत नाही. पण तो वाचण्याची तयारी मराठी विभागांनी आजच करायला हवी. त्यासाठी अभ्यासक्रमात एखादा नवा कोर्स जोडण्याची घाई करण्यापेक्षा तुकारामांच्या हुतुतूच्या अभंगावरील तळटीप वर आणून तिच्यापासून शिकवायला सुरुवात केली तरी पुष्कळ होईल.